दमलेल्या हृदयाचं वृत्त

३ मार्च, सोमवार
टक्, टक्, टक् — मास्तरांची पट्टी टेबलावर! अख्खा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा. मात्रा चुकली की तीच पट्टी बोटांवर. आज सकाळी तो आवाज स्पष्ट ऐकू आला.

थोरली नात गादीवर उताणी होती, छातीला पट्टा बांधून. धावपटू आहे ना! उठण्याआधी हृदयाचे ठोके मोजायचे. आकडा थेट प्रशिक्षकांच्या फोनवर. मला समजावत होती — "आजोबा, अंगात ताकद असली की दोन ठोक्यांतलं अंतर सारखं कमीजास्त होतं. दमलं की ठोके घड्याळासारखे पडतात, आकडा उतरतो." म्हणजे दमलेलं हृदयच वृत्त सांभाळतं! मास्तर, ऐकताय?

४ मार्च
थोरलीचा आकडा घसरला. पायांत शिसं भरलंय म्हणते. प्रशिक्षकांचा निरोप — आकडा सुधारेपर्यंत आराम, नाहीतर रविवारच्या निवड चाचणीतून नाव काढीन.

चिरंजीव भडकले. "आराम मेल्यावर कर!" पोटच्या पोरीला.

५ मार्च
सकाळी चिरंजिवांनी पट्टा धाकटीला बांधला. बारा वर्षांची पोर, साखरझोपेतली. आकडा काय उसळला! लगेच निरोप — "शाबास. मैदानावर ये."

थोरली माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "अरे, पोरीच्या जिवावर बेतेल." चिरंजीव हसले. "बाबा, तुम्ही आपल्या कविता म्हणा."

म्हटल्या. मनातल्या मनात.

७ मार्च
रोज तेच चाललंय. धाकटीला गंमत वाटते. "ताई, पाय तुझे, पण हृदय माझं हं!"

थोरली कठडा धरून जिना चढते. डाव्या नडगीला हात लावू देत नाही. वृत्तात लंगडते — एक लघू, एक गुरू. हे सुचलं आणि मला चक्क बरं वाटलं! शी.

बाप म्हणाला, "नाटकं पुरे."

८ मार्च
आजही काही बोललो नाही. उद्या चाचणी.

९ मार्च, रविवार
शेवटच्या वळणावर कोसळली. नडगीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, "आधीपासून चीर होती. इतकं दुखत असताना कुणाला दिसलं नाही?"

चिरंजीव उशाशी वाकले. वाटलं, आता कपाळावरून हात फिरवतील. "थोडं सोसवलं नाही तुला? समोर शर्यतीची शेवटची दोरी दिसत होती!"

थोरली भिंतीकडे वळली.

११ मार्च
दार वाजलं. प्रशिक्षक! या घराची पायरी आजवर चढले नव्हते. मी म्हटलं, "या, थोरली आत झोपली आहे."

"तिच्यासाठी नाही आलो. ते आकडे तिचे नव्हतेच — पहिल्याच दिवशी ओळखलं होतं मी." उंबऱ्यातूनच आत डोकावले. "कुणाचे होते?"

चिरंजिवांनी थोरलीच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि धाकटीला हाक मारली.