मृदाशास्त्रच घे

झरी, जि. परभणी
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय ज्ञानू,

इकडे सगळे बरे आहेत, तूही असशील. सरजाबाई मावशी रोज विचारतात, जर्मनीत पोरीला भाकरी मिळती का. परतीच्या पावसानं आठवडाभर झोडपलं, हरभऱ्याची पेरणी खोळंबली आहे. हे मोबाईलवर चार वेळा लिहून खोडलं, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय.

तुला शुक्रवारपर्यंत विषय नक्की करायचे आहेत. तू यादी पाठवून म्हणालीस, "राजे, तू सांगशील तो घेते." मी लगेच कळवलं, मृदाशास्त्रात काही ठेवलं नाही, संख्याशास्त्र घे, नोकरीला बरं. परभणीच्या कॉलेजात संख्याशास्त्राच्या पेपरआधी तू दोनदा रडलीस, ते मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच सांगितलं.

मला तुझा हेवा वाटतो. तुझा सायकलवरचा फोटो मी लाईक केला नाही, पण बोटांनी मोठा करून मागची लाल छपरंसुद्धा पाहिली. तरी खरी आग तुझ्या प्रवेशाच्या निबंधानं लावली. वापसा आला की नाही, म्हणजे रान पेरणीजोगं झालं की नाही, हे मातीचा गोळा करून, खाली टाकून ओळखायला झरीच्या माणिकरावकाकांनी शिकवलं, असं तू लिहिलंस. तुमचं तर गुंठाभर रान नाही. आपण दोघी एकाच बांधावर बसून ते शिकलो. माझ्या बापाचं नाव परदेशात पोचलं, आणि ते तुझ्या हातानं. आप्पा तेव्हापासून गावभर सांगत फिरतात. मी त्यांच्यासमोर हसते आणि चुलीपाशी जाऊन भांडी आपटते.

मृदाशास्त्र माझा विषय होता, ज्ञानू. तोही तुलाच मिळावा, हे मला सोसलं नाही.

आता दुसरं. तुझ्यासोबत जर्मनीच्या प्रवेशाचा फॉर्म मी का भरला नाही, तर आप्पांनी अडवलं, असं मी तुला आणि सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. त्यांनी कधीच अडवलं नाही. फॉर्म भरला आणि तुला मिळालं, मला नाही, असं झालं तर गावात तोंड कसं दाखवू, एवढीच भीती होती.

काल गिरणीवर दळण आणायला गेले, तर आप्पा आधीच तिथं. बन्सीधरकाका त्यांना म्हणत होते, "माणिकराव, त्या पोरीला जाऊ दिलं असतं तर तुमचं काय बिघडलं असतं?" आप्पा खाली मान घालून पिठाची पिशवी बांधत राहिले. वाटेत मी विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत? तर म्हणाले, "मला लय दिसापासून ठावं हाय. तसं सांगून तुला बरं वाटायलंय, तर ऱ्हाऊ दे. माझं काय जातंय."



आज सकाळी त्यांनी मला रानात नेलं. गोळा करून टाकला, तो चपटा होऊन चिकटला. म्हणाले, "न्हाई आजून. चार दिस थांबावं लागतंय. ज्ञानूला इचार, तिकडची माती कशी हाय." ते तुझ्याबद्दल विचारतात तेव्हा मला अजूनही टोचतं. ते एका पत्रानं जाणार नाही.

तरी तू मृदाशास्त्रच घे. संख्याशास्त्राचं मी बोलले ते जळून बोलले. पहिल्या दिवशी माती हातात देतील तेव्हा आधी गोळा कर आणि टाकून बघ. कसा फुटला ते आप्पांना फोन करून सांग. मला नंतर सांगितलंस तरी चालेल.

हे पत्र आधी आप्पांना वाचून दाखवणार आहे, गिरणीच्या कट्ट्यावर, बन्सीधरकाकांच्या देखत. त्याशिवाय फोटो पाठवणार नाही. तुला तो मिळाला, तर मी वाचलं असं समज.

तुझ्यावर जळणारी, आणि तरीही तुझीच,
राजेश्री