बॉयलरची वही

कीथली,
९ नोव्हेंबर

प्रिय रसेल,

हे पत्र बॉयलरसंबंधी आहे. नाताळच्या कार्डाखेरीज माझ्याकडून काही आलं की तू वाईट बातमीच धरत असशील, म्हणून आधीच सांगते. कोणी आजारी नाही. जायचे ते तुझे बाबा मार्चमध्येच गेले, आणि त्यांच्या अंत्यविधीला तू शेवटच्या बाकावर बसलास, माझ्याशी हात मिळवलास आणि निघून गेलास. एकोणीस वर्षांपूर्वी तू इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून गॅसची कामं शिकायला गेलास, तेव्हा मी म्हणाले होते, लोकांच्या सिंकखाली आडवं पडायला मी तुला शिकवलेलं नाही. तू म्हणालास, मग तू असताना मी या घरात पाऊल ठेवणार नाही. आपण दोघंही शब्दाचे पक्के. त्यातलं 'तू असताना' मी आजवर नीट ऐकलं नव्हतं, एवढंच.

तर बॉयलर. स्वयंपाकघरातल्या कपाटातला आपला जुना बॉयलर गेल्या महिन्यापासून मध्येच बंद पडतो. बटण दाबलं की तासभर चालतो आणि पुन्हा रुसतो. मी घरात कोट घालून बसते. बर्फ पडायच्या आत नवा बसवायला हवा, आणि या वयात मला तो पुन्हा बदलायचा नाही, म्हणून तो भरवशाचा हवा. बसवणाराही तसाच हवा. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. गॅस चुकीच्या हातात गेला तर काय होतं ते मला ठाऊक आहे. तीन जणांना बोलावलं आणि तिघांकडेही संशयाने पाहिलं.

पहिला टाय लावून आला. दारातच मला "काय तरुणी, गारठलात ना?" म्हणाला. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे हे त्याला दिसत होतं. बॉयलरचं झाकणसुद्धा न उघडता त्याने दातांतून हवा ओढली आणि म्हणाला, "अरेरे, हा तर संग्रहालयात शोभेल!" मग हातातल्या टॅबलेटवर बोट फिरवून त्याने सर्वांत मोठा बॉयलर सुचवला. आजच सही केली तर सवलत, उद्या नाही. मी विचारलं, "घरात रेडिएटर किती आहेत?" तो म्हणाला, "ते नंतर बघू." एकट्या बाईच्या घराला हॉटेलाचा बॉयलर विकणाऱ्याला मी चहा विचारला नाही. आपल्याकडे कारागिराला चहा न विचारणं म्हणजे काय, ते त्याला कळलं असावं.

दुसरा चर्चमधल्या बायकांनी सुचवलेला. गोड माणूस. चहा झाला, तीन बिस्किटं झाली, त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ऐकून झालं. मग मी त्याचं गॅसचं ओळखपत्र मागितलं आणि उलटं केलं. पुढे नुसता फोटो असतो. कोणत्या कामाची परवानगी आहे ते मागे छापलेलं असतं. मागे शेगडी होती, बॉयलर नव्हता. "तीस वर्षं बॉयलरच बसवतोय हो," तो म्हणाला, "कार्डाच्या मागे कोण बघतं?" मी म्हटलं, "मी." त्याने उरलेलं बिस्किट खिशात घातलं आणि गेला.

तिसरी बाई होती. जॅकी नाव, पन्नाशीची, बोलायला कंजूष. ओळखपत्र मी मागायच्या आधीच तिने उलटं करून टेबलावर ठेवलं. सगळ्या खोल्या फिरून रेडिएटर मोजले, खिडक्या पाहिल्या, मी आंघोळ कधी करते तेही विचारलं. म्हणाली, मधल्या मापाचा पुरे. आधी रेडिएटरमधला काळा गाळ धुवून काढायचा, नाहीतर नवा बॉयलर दोन वर्षांत खराब होईल. बॉयलरमधून ठिबकणाऱ्या पाण्याची बारीक नळी घराच्या आतून न्यायची, बाहेरून नेली तर ऐन थंडीत गोठते आणि लोकांना वाटतं बॉयलरच मेला. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. मला शंका घ्यायला जागा सापडेना, त्यामुळे मी जास्तच सावध झाले.

मग तिने जुन्या बॉयलरचं झाकण काढलं आणि आत वाकून पाहिलं. मी म्हटलं, "काय, संग्रहालय का?" "नाही हो," ती म्हणाली. "एवढा जुना आणि आतून इतका स्वच्छ मी पाहिलेला नाही. कोणीतरी पोटच्या पोरासारखा सांभाळलाय. दुरुस्तीची वही आहे का?"

आता मला तुला एक लाजिरवाणी गोष्ट सांगायला हवी. चौदा वर्षं, दर सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी, मी वाचनालयातल्या कामावरून परतले की ओट्यावर दोन मग धुऊन उपडे ठेवलेले असत. साखरेच्या भांड्यात ओल्या चमच्याने गुठळ्या झालेल्या असत. मी साखर घेत नाही, तुझे बाबा घेत नसत. विचारलं की म्हणत, "बॉयलरवाला आला होता." पण हे सांगताना त्यांचे कान लाल व्हायचे. बॉयलरवाल्यासाठी कोणाचे कान लाल होतात? शेजारच्या मॉरीन पिकर्सगिलचा नवरा त्याच सुमारास गेला होता आणि ती चहात तीन चमचे साखर घेते. मी दोन आणि दोन चार केले. चौदा वर्षं मॉरीनला कुंपणावरून फक्त 'नमस्कार' म्हटलं. बाबांच्या अंत्यविधीला तिला आपल्या बाकावर बसू दिलं नाही.

वही कपाटाच्या मागच्या बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत होती. पहिल्या पानांवर दुकानाचे शिक्के होते आणि त्यापुढे चौदा सह्या, सगळ्या मंगळवारच्या. आर. ॲकरॉइड. तुझ्या 'आर'चा लांब पाय मी प्राथमिक शाळेपासून सुधारत आले आणि तो सुधारला नाही. शेऱ्याच्या रकान्यात लोक 'ठीक' लिहितात. तू लिहिलं होतंस, "झोपायच्या खोलीतला रेडिएटर वरून गार होता, हवा काढली. आईच्या बाजूचा." दुसऱ्या वर्षी, "आवाज येत होता. बॉयलरचा पंखा बदलला. आईची झोप सावध आहे." जॅकीने विचारलं, "हे आर. ॲकरॉइड तुमचे कोण?" मी म्हटलं, "नात्यातले." तिने हत्यारं पेटीत भरली आणि म्हणाली, "मग आधी त्यांना विचारा. दुसऱ्याने सांभाळलेल्या घरात मी शिरत नाही. ते नाही म्हणाले तर फोन करा."

त्याच दुपारी मी मॉरीनकडे गेले आणि माफी मागितली. कशाबद्दल ते सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "तुझा क्लिफर्ड? अगं बाई, तो माझ्या कुत्र्याला घाबरून फाटकाच्या आत येत नव्हता! आणि रसेलची व्हॅन माझ्या अंगणात लावलेली असायची, तुला दिसू नये म्हणून. तू एकदाही बघितलं नाहीस, कारण तू माझ्या घराकडे बघायचीच नाहीस." मग तिने हसणं थांबवलं आणि सांगितलं की या सप्टेंबरातही तू आला होतास.

कोणीतरी आलं होतं हे मला माहीत होतं, पण ते तू होतास हे माहीत नव्हतं. मागच्या पायरीवर बुटांचा चिखल होता आणि जिरेनियमची कुंडी सरकलेली होती. तिच्याखाली बाबा किल्ली ठेवत, ती मी मार्चमध्येच आत घेतली होती. मला वाटलं चोर. पोलिसांना कळवलं आणि मागच्या दाराला आतून जाड कडी बसवून घेतली.

वहीतला शेवटचा शेरा गेल्या वर्षीचा आहे. "भाग मिळेनासे झालेत. पुढच्या वर्षी नवा घ्यावा लागेल. आईला विचारायला हवं." त्याखाली बाबांच्या थरथरत्या अक्षरात दोनच शब्द आहेत: "तूच विचार." तुला विचारता आलं नाही, कारण कुंडीखाली किल्ली नव्हती आणि नंतर दाराला कडी आली. म्हणून मीच विचारते. कुठला बॉयलर घेऊ? तू बसवशील का? सिंकखाली आडवं पडण्याबद्दल मी जे बोलले, ते चुकीचं होतं. वर्गात चूक झाली तर मी ती फळ्यावर लिहून दुरुस्त करत असे, म्हणून इथेही लिहून देते. येत्या मंगळवारी मी वाचनालयाला सुट्टी कळवली आहे. व्हॅन आपल्याच फाटकासमोर लाव. पुढच्या दाराने डॉक्टर आणि पोलीस येतात, तू घरचा, मागच्याने ये. कडी काढून ठेवली आहे, साखर नवीन आणली आहे. मात्र ओळखपत्र घेऊन ये. मी ते उलटं करून बघणार आहे.

तुझीच,
मंगळवारी घरीच असलेली,
आई