कुलपांची वही

प्रिय बारके,

तुझा अहवाल पोचला. पोस्टमनने पाकीट हातात तोलून विचारलं, "काय हो, वीट मागवली का?" मी ऐटीत सांगितलं, भाचीने देशासाठी लिहिलंय. त्याला आज आठ दिवस झाले. दीडशे पानांना आठ दिवस कशाला, असं तू म्हणशील. पण माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं मी आपल्या संस्थेच्या रद्दीत निघालेल्या अहवालांतून शिकलो, तेही घरोघरच्या पाहणीला जाताना बसमध्ये, पिशवी मांडीवर घेऊन. तक्ता दिसला की बोट ठेवून वाचायची सवय तेव्हाची. यंदा सातव्या तक्त्यावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं.

पहिल्या पानावर माझ्यासाठी लिहिलेल्या दोन ओळी तुझ्या मामीने मोठ्याने वाचल्या. 'ज्यांनी दारोदार फिरून हे आकडे आणले त्या मामांना.' मग म्हणाली, "तीस वर्षं लोकांच्या उंबऱ्यांवर बसून गुडघे घालवलेत, निदान कुणीतरी छापलं तरी." मी पानं उलटून पुन्हा त्याच तक्त्यावर आलो. ती म्हणाली, दमलेले दिसता. दमलोय खरा, पण चालून नाही.

सोमवारी अहवाल समितीपुढे जाणार, आणि समितीने मान डोलावली की गावातच रोजगार देणारी रस्त्या-तळ्यांची सरकारी कामं बंद होणार, असं तू चिठ्ठीत लिहिलंयस. कारण पोट भरायला घर सोडून जाणारी कुटुंबं आपल्या भागात शेकडा एकतीस होती, ती सहावर आली. लोक आता गावात टिकतात, मग कामं कशाला, तो पैसा दुसरीकडे लावावा. तुझा हिशेब चोख आहे, पोरी. विभागप्रमुख झाल्यावरचा तुझा पहिलाच अहवाल, त्यात खोट काढताना माझा हात जड होतोय.

आमचं काम म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. गावातली सगळी घरं कोण विचारणार? चिठ्ठ्या टाकून वीस घरं काढायची आणि तिथे जाऊन बसायचं. लोक एकेक नमुने. एका म्हातारीने माझे प्रश्न ऐकून, घरात माणसं किती, जमीन किती, मुलं काय करतात, मला पाणी दिलं आणि म्हणाली, "सगळं सांगते, पण आधी मुलगा काय करतो ते सांगा." तिला वाटलं मी तिच्या नातीसाठी स्थळ घेऊन आलोय. मी कुठे बसलो नाही! गोठ्यात, पिठाच्या गिरणीत, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली असताना.

पूर्वी ही पाहणी सुगी संपली की लगेच व्हायची. माणसं घरी असायची. मग संस्थेने ती उन्हाळ्यात नेली, म्हणजे अहवाल वर्षअखेरीला छापून होईल. सातवा तक्ता पुन्हा बघ. आकडा हळूहळू उतरलेला नाही. एका वर्षात धपकन खाली आलाय, आणि पाहणी उन्हाळ्यात गेली ते वर्ष तेच आहे. उन्हाळ्यात मी दारात जायचो तेव्हा कुलूप असायचं. नियमाच्या पुस्तकात छापलेलं होतं, घर बंद असल्यास शेजारचे घर घ्यावे. मी शेजारी जायचो. तिथे बसून विचारायचो, तुमच्याकडून कुणी कामासाठी बाहेर गेलंय का? ते म्हणायचे, नाही बुवा. बरोबरच आहे, गेले असते तर भेटले कुठून असते? जितके जास्त गेले तितके कमी मोजले गेले. आयुष्यभर मी वरवरची शितं चेपून भात झाला म्हणून सांगितलं. तळाशी करपत होतं.

आमचे साहेब, ज्यांना आम्ही पाठीमागे टक्केसाहेब म्हणायचो, त्यांना मी सांगून पाहिलं. शेऱ्याच्या रकान्यात 'घर बंद, माणसं कामाला गेली' असं लिहू का? ते म्हणाले, "शेरे कुणी मोजत नाही हो. शेजारचं घर घ्या आणि चला." माणूस वाईट नव्हता, तीस गावं आणि एक जीप त्याच्या गळ्यात होती. मीही चालू लागलो. फक्त एक शाळेची वही घेतली आणि तिच्यात कुलपं लिहायला लागलो. गाव, घराचा क्रमांक, तारीख, आणि शेजाऱ्याने सांगितलेलं, कुठे गेले ते. निवृत्त होईपर्यंत चोवीस उन्हाळे लिहिली. कुणाला दाखवली नाही. पोट नोकरीवर होतं, आणि नियम माझ्या बाजूने होता. यापेक्षा मोठं कारण शोधतोय, सापडत नाही.

वही आज टपालाने पाठवतोय. पहिल्या पानावरचं पहिलं कुलूप बघ. त्या पहिल्या उन्हाळ्यात चिठ्ठीत तुमचंच घर निघालं होतं. तू चार वर्षांची. मी तुझ्यासाठी पत्र्याची शिट्टी घेऊन आलो होतो. दाराला कुलूप, चूल बाहेर पालथी. शेजारची म्हणाली, तिघंही वीटभट्टीवर गेली, दीड महिना झाला. मी शिट्टी खिडकीच्या गजांतून आत टाकली आणि शेजारच्या घरात जाऊन बसलो. पावसाच्या तोंडावर तुम्ही आलात. तू शिट्टी वाजवून सगळ्यांचे कान किटवलेस. तुझी आई खोकत होती, हात लाकडासारखे झाले होते. मला म्हणाली, "दादा, आमच्या मागे मोजायला येऊन गेलास म्हणे. आम्हाला धरलंस ना त्यात?" मी म्हटलं, धरलं. ती म्हणाली, "मग बरं. कुणाला तरी कळलं असेल." दोन वर्षांनी ती गेली, तेच समजून गेली.

म्हणून लिहितोय, बारके. सोमवारी तो अहवाल पुढे करू नकोस. सुगी संपल्यावर एकदा माणसं पाठव, वहीतल्या दारांवर. उशीर झाला म्हणून लोक तुला बोलतील, तर माझं नाव सांग. पहिल्या पानावरच्या त्या दोन ओळी काढून टाक. तिथे काही ठेवायचंच असेल, तर तुमच्या त्या घराचा क्रमांक ठेव. तुझ्या आईला मी, धरलं म्हणून सांगितलंय.

मोजायला चुकलेला, पण तुझाच,
मामा