नास्राच्या कपाळावरचं पाणी

मोरोनी, कोमोरो
उपवासकाळाचा दुसरा आठवडा

प्रिय क्लारिसताई,

तुझं पत्र गुरांच्या बोटीवरच्या खलाशाने परवा बाजारात आणून दिलं. कांद्याच्या पोत्याला टेकून उभ्याउभ्याच वाचलं आणि घडी करून पोलक्यात ठेवलं. दोन दिवस ते तिथेच आहे. तू त्यात जे लिहिलं आहेस त्याचं उत्तर देणारच आहे, पण आधी बाकीचं सांगू दे, नाहीतर उत्तर तुला कळणार नाही. माझा गुडघा बरा आहे. मी अजून कांदे-टोमॅटोच विकते, आपल्या महाजांगाहून येतात तेच. गिऱ्हाइकं विचारतात, 'ताजे आहेत का?' मी म्हणते, 'माझ्या माहेरचे आहेत, नावं ठेवू नका.' बत्तीस वर्षं झाली, तरी बाजारातल्या बायकांना हा विनोद पुरतो.

मला अलीकडे महाजांगातले ते चार दिवस फार आठवतात. म्बाये आपल्या माळ्यावर तांदळाच्या पोत्यांमागे पडलेला, खाली गल्लीत कोयते घेतलेली माणसं, घराघरांतून कोमोरोचे लोक ओढून काढत होती. आई देव्हाऱ्यापुढे गुडघ्यांवर. आणि तू दारात उभी राहिलीस, कमरेवर हात ठेवून. म्हणालीस, 'आत आईला देवी आल्यात. या ना, बघून जा, जाताना पोरांसाठीही घेऊन जा.' त्यातला तो एक ओळखीचा खाटीक दोन पावलं मागे सरकला तेव्हा मला भीतीतही हसू आलं होतं. वाचलेल्या कोमोरोच्या लोकांना विमानांतून इकडे आणून सोडलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि म्बायेचा हात धरून मीही चढले. तू म्हणालीस, 'वेडी आहेस.' पण तुझी जपमाळ माझ्या गळ्यात घातलीस.

म्बायेने मला कधी माझा धर्म मागितला नाही. इथे काझींनी लग्न लावलं तेव्हा कुणीतरी विचारलं, हिचं काय? तर म्हणाला, 'हिच्या देवाने मला चार दिवस माळ्यावर ठेवून घेतलं. मी त्याला घराबाहेर काढू?' दर रविवारी तो मला चर्चच्या कोपऱ्यापर्यंत सोडायचा आणि मिस्सा संपेपर्यंत बदामाच्या झाडाखाली डॉमिनोज खेळत बसायचा. आम्ही तीसेक जण असू आत. मादागास्करच्या मोलकरणी, दोन-चार फ्रेंच मास्तर, एक काँगोचा डॉक्टर. परक्यांनी प्रार्थना करायला इथे कुणाची हरकत नाही. बेटावरच्या माणसाने मात्र कायद्याने त्या दारातून आत यायचं नाही. फादर स्वतः दारात उभे राहायचे, आणि कुणी इथला तरुण आत डोकावला तर खांद्यावर हात ठेवून त्याला परत पाठवायचे. मी तेव्हा विचार करायचे, बरं झालं मी परकी आहे. गल्लीतल्या बायका मला 'विमानवाली' म्हणायच्या, लग्नकार्यात मला मागच्या चटईवर बसवायच्या, तरी मला बरंच वाटायचं. माझं परकेपण हेच माझं चर्चचं तिकीट होतं.

म्बाये गेला त्याची हकिकत तुला लिहिली होती. त्यानंतरचं अर्धंच लिहिलं. इथे घर बाईचं असतं, ताई. आईचं घर लेकीला जातं, आणि लग्न होऊन नवरा त्या घरात येतो. ज्या मुलीला आईचं घर नाही तिचं मोठं लग्न होत नाही, आणि मोठं लग्न झालं नाही तर तिला उभ्या जन्मात कुणी मान देत नाही. माझ्याकडे कुठलं घर? झालिहा एकवीस वर्षांची झाली, फ्रान्समध्ये मार्सेयला नोकरी करणाऱ्या एका चांगल्या मुलाने तिला मागणी घातली, आणि आम्ही राहत होतो ते घर सित्तीचं, म्बायेच्या बहिणीचं.

सित्तीला मूलबाळ नाही. एका दुपारी ती माझ्यासाठी नारळात शिजवलेली कसाव्याची भाजी घेऊन आली आणि माझ्याजवळ बसून म्हणाली, 'ओनोरीन, घर मी झालिहाच्या नावावर करते. लग्नही मी करून देते, सगळं गाव जेवेल. पण मुलीची आई पुढच्या चटईवर बसायला हवी, आणि तिथे तुला बसवायचं तर तू आमच्यातली हवीस.'  ती पुढे म्हणाली, 'आणि तू गेलीस की तुला कुठे पुरणार ते चर्चचे लोक? माझा भाऊ आमच्या कबरस्तानात एकटा पडलाय. तुझी वाट बघत असेल गं.' हे बोलताना ती रडत होती. तिला तू वाईट समजू नकोस. तिला खरंच वाटत होतं की बुडणाऱ्या बाईला ती हात देतेय.

मी आठ दिवस मागून घेतले. झालिहाने मला एका शब्दानेही गळ घातली नाही. फक्त एकदा तांदूळ निवडताना म्हणाली, 'आई, राहू दे. मी नाही करत लग्न.' आणि हसली. ते हसणं मला सोसलं नाही.

तर ताई, तीन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी दुपारी, सित्तीच्या पुढच्या खोलीत, दोन म्हाताऱ्या गृहस्थांसमोर मी कलम्याचे ते शब्द म्हटले. एक वाक्य आहे, लहानसं. एकोणतीस वर्षं दिवसातून पाच वेळा कानावर पडत होतं, पाठच होतं. माझं नाव मरियामा ठेवलं. सित्तीने मला मिठी मारली, गल्लीतल्या बायकांनी आनंदाची किलकारी दिली, आणि एकीने कानात सांगितलं, 'आता उतरलीस बाई विमानातून!' मीही हसले. तुझी जपमाळ मी तांदळाच्या डब्यात तळाशी घातली.

लग्न देखणं झालं. सोन्याने मढलेली झालिहा, आणि मी पुढच्या चटईवर, इथल्या बायका अंगाभोवती गुंडाळतात तशा नव्या शिरोमानीत, सगळ्यांनी पाया पडावं अशी. खोटं कशाला बोलू, मला फार सुख झालं. मग रविवार आला. मी अंगावर चांगले कपडे घालून खाटेवर बसले आणि ऊन भिंतीवरून खाली उतरेपर्यंत तशीच बसून राहिले.

फादरना मी काही कळवलं नव्हतं, पण गाव लहान आहे. महिन्याभराने ते बाजारात आले. माझ्या डोक्यावरचा पदर बघितला आणि अनोळखी बाईशी बोलावं तसं विचारलं, 'काय भाव, बाई?' मी भाव सांगितला. त्यांनी किलोभर कांदे घेतले आणि वाकून पिशवीत भरताना खाली बघत म्हणाले, 'तू आलीस तर मी तुला दारातून परत पाठवणार नाही. मला ते जमणार नाही.' म्हणूनच मी गेले नाही, ताई. आदल्या वर्षी बंदरावरचा एक तरुण तीन रविवार मागच्या बाकावर बसला होता. फादरनी त्याला जा म्हटलं नाही. पोलिसांनी त्या पोराला नेलं, फादरना दोन दिवस बसवून ठेवलं, आणि पुन्हा असं झालं तर हे दार कायमचं बंद होईल असं बजावून सोडलं. आता मी कागदोपत्री इथली होते. माझ्यापायी त्या तीस जणांची एकुलती एक खोली गेली असती.

म्हणजे गेल्या तीन वर्षांत मी तुला जे लिहिलं, गव्हाणीत या वर्षी किती मेंढरं मांडली, पवित्र आठवड्यात कोण काय गायलं, ते सगळं मी माझ्या खोलीत बसून रचलेलं आहे. तुझी उत्तरं इतकी आनंदाची यायची की मी पुढचं रचायचे. नमाजाला मी सित्तीच्या शेजारी उभी राहते. तिच्या प्रार्थनेत काही खोट नाही. खोट माझ्यात आहे. तिचे शब्द माझ्या तोंडात लाकडासारखे होतात, आणि माझे जुने शब्द काढायला गेले तर वाटतं, कुठल्या तोंडाने?

झालिहाला नास्रा झाली, तिला दात यायला लागले, एवढंच तुला लिहिलं होतं. सात महिन्यांची असताना तिला ताप आला. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, शेवटी म्हणाले, घरी न्या, आईजवळ असू दे. झालिहा चार दिवस जागी होती, तिला मी बळेच अंघोळीला पाठवलं. सित्ती शेजारच्या खोलीत दुपारच्या नमाजाला बसलेली. पोर माझ्या मांडीवर, श्वास मोजून घेत असल्यासारखी. शेजारी मगात पाणी होतं. आणि ताई, मला सिस्टर आन्येसचा धर्मशिक्षणाचा तास आठवला. मूल दगावतंय आणि जवळ धर्मगुरू नसेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, नुसतं पाणी आणि ते शब्द पुरतात. आपण दोघींनी तुझ्या चिंध्यांच्या बाहुलीला कितीदा दिला होता! मी हात ओला केला. नास्राच्या कपाळावर धरला. थेंब ओघळले. शब्द ओठांवर आले आणि तिथेच थांबले. मी स्वतः ते सोडून आलेली, मी कुणाला काय देणार?

झालिहा दारात उभी होती. केस ओले. म्हणाली, 'आई, काय करतेस?'

मी म्हटलं, 'काही नाही. तोंड पुसते तिचं.' आणि पदराने ते पाणी पुसून टाकलं.

सूर्य मावळायच्या आत नास्रा गेली. पुरुषांनी तिला उचलून नेलं, एवढंसं बोचकं. आम्ही बायका घरात बसलो.

चाळीस दिवस झालिहाने तो विषय काढला नाही. मग मार्सेयला निघायच्या आदल्या संध्याकाळी बॅग भरताना तिने विचारलं, 'त्या दिवशी तू तुझं ते म्हणालीस का?' मला वाटलं तिला तीच भीती खातेय. मी तिची समजूत काढायला घाईने म्हटलं, 'नाही गं, शपथ. एक शब्द नाही म्हटला.' तिने हातातले कपडे बॅगेत टाकले. म्हणाली, 'आत्या रडून रडून दुआ मागत होती. तू नुसती तिच्याशेजारी उभी राहायचीस, मला दिसत नव्हतं का? आमचं तुला मनापासून म्हणता येत नाही, आणि तुझं म्हणायला तू घाबरलीस. माझ्या मुलीसाठी तू काहीच म्हणाली नाहीस, आई.' मी तिला काय सांगणार होते, की हे सगळं तुझ्यासाठी केलं? तिने ते मागितलंच नव्हतं. त्याला अकरा महिने झाले. तिकडून ती सित्तीला फोन करते. सित्ती फोन माझ्या हातात द्यायला बघते, तोवर तो बंद झालेला असतो.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. तू लिहितेस की डोळ्यांत मोतीबिंदू उतरायच्या आत तू आमच्या वेदीसाठी कापड भरून पूर्ण केलंस, वर्ष लागलं, काठाला व्हॅनिलाची वेल काढली आहेस. पुढच्या गुरुवारच्या बोटीचं तिकीट काढलंस. इस्टरला माझ्या शेजारी बाकावर बसायचं, मग मेले तरी चालेल, असं लिहितेस. हे पत्र त्याच खलाशाबरोबर उद्या पाठवते आहे, म्हणजे तू निघायच्या आत पोचेल. ताई, येऊ नकोस. सित्ती तुला डोक्यावर घेईल, तिची भीती नाही. भीती माझी आहे. रविवारी तू कापड काखेत घेऊन निघशील, आणि मी तुझ्यामागून जाईन, मला माहीत आहे. फादर दारातून मला परत पाठवणार नाहीत, आणि सोमवारी ते दार राहणार नाही. ते कापड तिथल्याच वेदीवर घाल. तिकिटाचं कुणी विचारलं तर सांग, धाकटीकडे आता उतरायला जागा नाही. एकदा माझ्यासाठी दारात उभी राहून खोटं बोललीस. हे मात्र खोटं नसेल.

तुझीच,
धाकटी