दुशिव्याचा धोंडा आणि माझी इतर मिळकत

लिहून ठेवतो मी, नवनाथ दशरथ ऐनकर, वय वर्षे सत्तावन्न, धंदा शेती आणि एका साप्ताहिकाची वार्ताहरकी, राहणार मौजे दुशिवे. माझी बुद्धी शाबूत आहे. याबद्दल घरात मतभेद असल्याने डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. देह अनित्य असल्याचे संस्कृत पाठशाळेत पाठ केले होते, गेल्या वर्षी हृदयात स्टेंट बसल्यावर ते पटले. सबब कोणाच्याही दडपणाविना पुढील व्यवस्था करतो.

१. राहते घर पत्नी सुरेखा हिला. कर्जत आणि खालापूर तालुक्यांची हद्द या घरातून जाते. चूल कर्जतेत, मोरी खालापुरात. "तुमच्या गावाचा एक पाय ठरेल तर शपथ," असे ती तीस वर्षे म्हणत आली आहे. आता दोन्ही पाय तिचे. पोस्टातली शिल्लकही तिचीच.

२. चुलतभाऊ मनोज याने आमच्यामधला बांध दर पावसाळ्यात वीतभर माझ्याकडे सरकवला. तो आज जिथे आहे तिथे त्याला दिला. या औदार्याचे कारण कलम पाचमध्ये आहे. ते वाचून त्याने हसू नये.

३. स्कूटर मित्र तौकीर हसन बुबेरे याला. ती ढकलण्याचा अनुभव फक्त त्यालाच आहे.

४. 'दुशिव्याचा इतिहास' ही वही कन्या सोनाली हिला. घाटावर मीठ नेणारे बैल इथे पाणी पीत, तिथपासून पोरे साजगावच्या कारखान्यांत जाऊ लागली तिथपर्यंत सारे तीत आहे. पान एक्केचाळीस मात्र चूक आहे. ती चूक माझी, आणि ती मी छापूनही आणली.

५. माझ्या फाटकाशी एक कोरीव धोंडा आहे. वर चंद्रसूर्य, खाली गाढव आणि झिजलेली अक्षरे. जुन्या राजवटीचा हद्दीचा दगड. ही हद्द जो हलवील त्याला त्यात शाप दिला आहे. शापाचा मजकूर मृत्युपत्रात लिहिण्याजोगा नाही. तो गाढवासंबंधी आहे आणि हलवणाऱ्याच्या मातोश्रींसंबंधीही.

मी २०१४ साली ती अक्षरे वाचली आणि लेख लिहिला (तेच वहीतले पान एक्केचाळीस), की दुशिवे या धोंड्याशी संपते. गावकीला ते सोयीचे वाटले. दरवर्षी शिमग्याआधी आम्ही गावाची शीव बांधतो. नारळ घेऊन हद्दीवरून फेरी निघते, म्हणजे रोगराई आणि भुतेखेते बाहेर राहावीत. लेखानंतर ही फेरी माझ्या फाटकावरून वळू लागली आणि पलीकडची ठाकूरवाडी हद्दीबाहेर पडली.

वाडीचे लडकूबाबा तरी दरसाल ओढ्याकाठच्या ऐनाच्या झाडाखाली जाऊन एका रिकाम्या खड्ड्याला नारळ वाहत. मी चेष्टेने विचारले, "बाबा, खड्ड्याला कसला नारळ?"

"धोंडा चालत गेला आसंल, भाऊ. खड्डा काय चालत नाय."

"पण दगडावर लिहिलंय."

"लिवलं आसंल. तुमच्याकडची भुतं आमच्याकडं ढकला, आनि काय!"

गेल्या दिवाळीत ट्रंकेत आजोबांचे टिपण सापडले: 'ऐनाखालचा धोंडा गाडीने आणून फाटकाशी रोवला. बैल बांधण्यास भक्कम.' आजोबांना वाचता येत होते, पण बैलाला बांधण्यापूर्वी त्यांनी दगड वाचला नसावा. मी दगड वाचला, पण तो तिथे कसा आला हे विचारले नाही. तसे विचारणे हाच माझा धंदा आहे.

सबब माझ्या मृत्यूनंतर तेराव्याच्या आत धोंडा मूळ खड्ड्यात रोवावा आणि फेरी तिथून न्यावी.

सही करण्यापूर्वीची पुरवणी: साक्षीसाठी लडकूबाबा आणि तौकीर यांना बोलावून वरील मजकूर वाचून दाखवला. बाबांनी तंबाखू मळता मळता ऐकले आणि विचारले, "म्हंजे भाऊ, तुमी जाईस्तवर आमी भायरच?"

मी म्हटले, "तसं नव्हे, बाबा. कायदेशीर कागदात..."

"तुमचा जीव तर चिवट हाय. त्यात आता ती स्प्रिंग बसवलीय."

तौकीर म्हणाला, "माझा टेंपो रिकामाच उभा हाय, नवनाथ. मरायची वाट कशाला बघतोस रं?"

गावातले सहा, वाडीतले सहा आणि पुढे होऊन मनोज, अशा तेरा जणांनी धोंडा उचलला. खड्ड्यात तो असा बसला की पाचर लागली नाही. सुरेखाने नारळ दिला, बाबांनी फोडला. शाप कोणाकडे गेला ते कळले नाही. गावकीच्या अध्यक्षांनी यंदाची फेरी ऐनावरून नेण्याचे सर्वांसमक्ष कबूल केले. सबब कलम पाचमधली व्यवस्था रद्द. ती मिळकत आता माझ्याकडे नाही.

हा कागद त्याच धोंड्यावर ठेवून, आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

लिहून ठेवणार: नवनाथ दशरथ ऐनकर

साक्षीदार:
१. तौकीर हसन बुबेरे, राहणार दहिवली
२. लडकू गोमा निरगुडा, राहणार ~~ठाकूरवाडी~~ दुशिवे (खाडाखोड साक्षीदाराने स्वतः केली, ती मला मान्य)

ठिकाण: ऐनाखाली, दुशिवे
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२५