खरवडीतलं मीठ

३ सप्टेंबर

चि. शेंडेफळास,
ताईचे अ. उ. आ.

पाकीट बघून दचकू नकोस. बाबा आहेत, खिडकीशी बसलेत. फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही. सव्वीस वर्षं जहाजाच्या इंजिनाशेजारी स्वयंपाक केल्यावर कान राहणार तरी कुठून? आणि हे काम त्यांचंच आहे, म्हणून पत्र.

आई जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून जेवण म्हणजे दोन चमचे भात, तेही मी हातापाया पडल्यावर. वजन शेहेचाळीस किलो भरलं. चव्वेचाळीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालायची, असं डॉक्टरांनी परवा स्पष्ट सांगितलं. बाबांनी तितकंच स्पष्ट सांगितलं की नळी घालून घेणार नाही. माझा जीव टांगणीला लागलाय.

काल दुपारी माझ्या हातून भात लागला. घरभर वास. मी खिडक्या उघडत होते तर बाबांनी मान वर केली आणि विचारलं, धाकट्याच्या शहरात चांगलं स्पॅनिश जेवण कुठे मिळतं? आठ महिन्यांत त्यांनी आपण होऊन विचारलेली ही पहिली गोष्ट, रे. त्यांचं जहाज बिघडून स्पेनच्या बंदरात चार महिने पडलं होतं आणि ते तिथल्या एका खाणावळीत भात शिकले, हे आपण लहानपणी शंभरदा ऐकलंय. आणून देऊ का म्हटलं, तर नको म्हणाले. त्याला खाऊ दे आणि कसं होतं ते लिहू दे, एवढंच.

तेव्हा आळस झटकून बाहेर पड. तू पत्र लिहायला बसलास की आकाशाला नवल वाटेल, पण लिही.

लोभ आहे तसा ठेव, शक्य तर थोडा जास्त.
तुझी ताई


१२ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आकाशाला नवल वाटू दे.

मी बरा आहे. दिवसभर चष्म्याच्या काचा घासतो, संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर चढतो, झोपतो. खाली इस्त्रीवाल्याचं दुकान आहे, त्यामुळे खोलीत वाफ असते. एवढीच बातमी.

आमच्याकडे फ्रेमा बसवणारा एक जण आहे, त्याला शहरातली सगळी हॉटेलं पाठ. त्याने मोठ्या रस्त्यावरचं एक सांगितलं. रविवारी गेलो. लाल पडदे, भिंतीवर बैलाचं चित्र आणि एक गिटार, तिला चारच तारा. वाढप्याच्या कमरेला लाल पट्टा, तो सारखा सुटत होता आणि बिचारा एका हाताने ताट आणि एका हाताने पट्टा सांभाळत होता. भात आला तो वाडग्यात, ढीग करून. पिवळाधमक. वर चार शिंपले आणि लिंबाची फोड. माझी बोटंसुद्धा पिवळी झाली, दुसऱ्या दिवशी मालकांनी काचेवरचा डाग दाखवला. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब बोटं चाटत होतं. गर्दी बरीच होती. एकूण ठीक.

बाबांना नमस्कार. नळीबद्दल त्यांच्याशी भांडू नकोस, तुलाच त्रास होईल.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
शेंडेफळ


१८ सप्टेंबर

चि. शेंडेफळास अ. उ. आ.

ऐक. तुझं पत्र बाबांनी स्वतः वाचलं. समोर वाटी ठेवली होती. डाव्या हातात कागद आणि उजव्या हाताने न सांगता घास. पत्र संपलं तेव्हा अर्धी वाटी रिकामी होती. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुऊन आले, म्हणजे समज.

आता त्यांचा निकाल. ढीग करून वाढला म्हणजे भात ढवळलेला. पाणी ओतल्यावर स्पॅनिश आचारी त्यात चमचा घालत नाही. पसरट कढईत तसाच शिजू देतात, तळाला खरवड धरते आणि ती खरवडच खरी मेजवानी. बोटं पिवळी झाली म्हणजे केशर नाही, रंग. हे नाकानेच कळायला हवं होतं, असं म्हणाले. आणि मीठ कसं होतं ते लिहायचं राहिलंय, तेही म्हणाले. सारखे तेच विचारतात. निवृत्त झाल्यावर घरी काही रांधलं की चमचा हातात धरून आईला हाक मारायचे, मीठ बघ म्हणून. आईही हातातलं काम टाकून यायची. मोठी भांडणं चालू असतानाही यायची.

पुढच्या रविवारी दुसरीकडे जा. आणि पत्र जरा लांब लिही. पत्र संपतं तिथे घास थांबतो.

माया आहेच, तिचा अंत नको पाहूस.
ताई


२९ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

आज चांगलं लांब लिहितो.

या खेपेला मोठ्या हॉटेलात गेलो, बाविसाव्या मजल्यावर. आमच्या एका गिऱ्हाईक बाईंनी सांगितलं होतं की खरं स्पॅनिश फक्त तिथेच. दारात माझ्या चपलांकडे बघून माणसाने मला खांबामागचं टेबल दिलं. लिंबाएवढे चार वडे आले, कुरकुरीत, फोडल्यावर आतून पांढरं पातळ सारण. टोमॅटोचं गार सूप काचेच्या पेल्यात. मी आधी ते सरबत समजून एका दमात प्यालो आणि वाढपी चमचा हातात घेऊन बघत राहिला. बटाट्याचं आम्लेट आलं ते केकसारखं जाड, त्रिकोणी कापलेलं, सुरीला जरा चिकटणारं. भात मात्र दोन दिवस आधी सांगावा लागतो म्हणे. खिडकीतून खालचं शहर दिसत होतं. एवढ्या दिव्यांत आपल्या ओळखीचा एकही नाही, असं उगाच मनात आलं.

इथली एक गंमत. परवा दूध तापत ठेवलं आणि बाजूलाच पेपर वाचत बसलो. इस्त्रीवाला तीन मजले धापा टाकत वर आला, जळतंय जळतंय म्हणत. पातेलं काळंठिक्कर, खोलीत धूर, आणि मी शब्दकोडं सोडवतोय. तो म्हणाला, साहेब, नाक भाड्याने दिलंय का? आम्ही दोघे खूप हसलो.

ताई, बाबा जेवले की लगेच कळव.

लोभाचं तेवढं बघ.
शेंडेफळ


६ ऑक्टोबर

चि. शेंडेफळास अ. उ. आ.

साडेसत्तेचाळीस किलो! डॉक्टरांनी काटा दोनदा बघितला. माझ्याच अंगावर मूठभर मांस चढलं. सरबतापाशी बाबा हसले, आवाज करून हसले. अख्खी वाटी संपली.

दुधाच्या गमतीला मात्र हसले नाहीत. तेवढाच भाग तीनदा वाचला. मग मला विचारलं, जानेवारीत तुला ताप आला होता तो किती दिवस होता आणि कसला होता. आठ दिवस, एवढंच मला माहीत. आम्हाला तू सांगितलंस तेही ताप उतरल्यावर. का विचारता म्हटलं तर पुन्हा पत्रात डोकं घातलं. मलाही ती गंमत काही गंमत वाटली नाही. एवढा मोठा झालास, पेटत्या शेगडीपाशी बसून लक्ष कुठे असतं तुझं? घर जळलं असतं म्हणजे?

बाबांनी आता एक खूण सांगितली आहे. भात होत आला की आचारी आच वाढवतो आणि कढईला कान लावतो. तळातून तडतड ऐकू आली की उतरवतो. जिथे आचारी भात ऐकतो तेच ठिकाण खरं, बाकी सगळे पडदे. ते शोध.

आणि मीठ! आता तरी लिही.

माझा लोभ तुला कधी कमी पडलाय का?
ताई


२० ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

सापडलं. बाबांना सांग, सापडलं!

आणि शोधलं कोणी, तर इस्त्रीवाल्याने. त्याच्याकडे दर शुक्रवारी सहा टेबलक्लॉथ येतात, तेलाच्या पिवळ्या डागांचे. कुठून येतात विचारलं तर म्हणाला, बस डेपोच्या मागे एक परदेशी म्हातारी आहे, ती जेवण घालते. पाटी नाही. जिना उतरून तळघरात जायचं. सहा टेबलं, ओल आलेली भिंत, एकच ट्यूबलाइट. म्हातारी स्पेनचीच. पासष्ट-सत्तरची असेल. आपली भाषा मोडकीतोडकी बोलते आणि गिऱ्हाइकांवर तोंडभर ओरडते. भात फक्त गुरुवारी दुपारी. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो.

बाबा, हे तुमच्यासाठी. मी तिच्या दारात उभा राहून सगळं पाहिलं. कढई पसरट, परातीएवढी, दोन कानांची. पाणी ओतल्यावर तिने चमचा उचलून खिळ्याला अडकवून टाकला. शेवटी आच वाढवली आणि सगळ्यांना दटावून गप्प केलं. बसचे ड्रायव्हर, कंडक्टर, मी, सगळे चिडीचूप. तिने पदर आवरावा तसा ॲप्रन मागे धरला आणि वाकून कान लावला. तडतड मलाही ऐकू आली. मग उतरवली, वर फडकं टाकलं. वाढताना लोखंडी उलथन्याने तळ खरवडला. खरवड तपकिरी, चकाकणारी, दाताखाली कडकन मोडणारी. आई भाताचं पातेलं खरवडायची तेव्हा आपण दोघं कसे झोंबायचो, आठवतं? इथे भांडायला कोणी नव्हतं. माझ्या वाट्याला मोठा तुकडा आला.

तुम्ही असतात तर तिच्याशी भांडला असतात. तुमचं आणि तिचं छान जमलं असतं.

लोभ करता तसाच करत राहा.
शेंडेफळ


१४ नोव्हेंबर

चि. शेंडेफळास,
ताईचे आशीर्वाद.

तू परत गेल्यापासून घर खायला उठतं. तुझं शेवटचं पत्र आलं त्या दिवशी बाबा दोन वाट्या जेवले होते, हे तुला मी सांगितलं, पुन्हा सांगते. खोकला त्यानंतर धरला. छातीत उतरला आणि चार दिवसांत संपलं. उपाशी नाही गेले. नळीही लागली नाही. मी तेवढंच धरून बसले आहे.

काल त्यांची गादी उन्हात टाकली तर खाली हे पाकीट. तिकीट लावलेलं, तुझा पत्ता घातलेला. चालता यायला लागलं की स्वतः पेटीत टाकेन, असं एकदा म्हणाले होते खरे. मला वाटलं पेन्शनचं काही असेल. उघडंच होतं, मी वाचलं. माफ कर.

तू आठ दिवस इथे होतास. माझ्या हातचं जेवत होतास, ठीक आहे, ठीक आहे म्हणत होतास. सख्ख्या बहिणीला ताकास तूर लागू दिली नाहीस. मला राग आलाय आणि रडूही येतंय. खरं काय ते लिही.

ताई

(सोबत बाबांचं.)

२६ ऑक्टोबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

मला पत्र लिहिता येत नाही. आयुष्यभर सामानाच्या याद्या लिहिल्या.

तुझी तिन्ही पत्रं पाठ झाली. त्यात रंग आहे, आवाज आहे, पट्टा सुटणारा वाढपी आहे. मीठ नाही. ताईकरवी दोनदा विचारलं, तरी नाही. दूध जळलं आणि तुला कळलं नाही. तेव्हा समजलो. तापाने तुझी चव आणि वास दोन्ही गेलं. जानेवारीपासून तू एकटा तसाच जेवतोस, किंवा जेवत नाहीस.

माझंही एकदा झालं होतं, जहाजावर. तीन आठवडे. लाजेने कोणाला सांगितलं नाही. एकदा सुपात दुप्पट मीठ पडलं. तीस माणसं मान खाली घालून प्यायली, कोणी बोललं नाही. त्या रात्री मी रडलो. मग इंजिनात तेल घालणाऱ्याला बोलावून सांगितलं, चमचा घे आणि मीठ बघ. तो रोज यायचा. आचाऱ्याला विचारायची लाज वाटू नये.

म्हातारपणी पुन्हा जीभ गेली, हळूहळू; नाक तेवढं राहिलं. ते फक्त तुझ्या आईला माहीत होतं. मीठ बघ म्हणायचो ते त्यासाठी. ती सांगायची तेवढंच मला खरं. ती गेली आणि विचारायला माणूस उरलं नाही, म्हणून घास उतरेना. मग तुझी पत्रं आली. माझा मुलगा माझ्यासारखाच कोरडं खातोय आणि तरी माझ्यासाठी रविवार घालवतोय, हे कळल्यावर जेवलो. सोबत झाली.

आता तुझं. गुरुवारी जात जा. खा. मीठ कळत नसेल तर शेजारच्याला विचार.

तुझे
बाबा


२७ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

बाबांनी लिहिलंय ते सगळं खरं आहे. तापानंतर काहीच उरलं नाही. डॉक्टर म्हणतात कदाचित परत येईल, कदाचित नाही. तुला सांगितलं नाही कारण तेव्हा आई नुकतीच गेली होती आणि बाबांचं तसं चाललं होतं. माझ्या जिभेचं कौतुक कुठे सांगत बसू? पुढे सांगायचं राहूनच गेलं. तुझ्या हातचं आठ दिवस जेवलो आणि ठीक आहे म्हणालो, ते खोटं होतं. मला काहीच लागलं नाही. रागाव.

काल गुरुवार होता. गेलो. म्हातारीने कान लावला, तडतड झाली, भात वाढला. मी ताटाकडे बघत बसलो. घास उचलवेना. शेजारच्या टेबलावर एक कंडक्टर होता, खांद्याला पिशवी तशीच, एकटाच घाईघाईने जेवत होता. खूप वेळ धीर झाला नाही. मग विचारलं, की मीठ बरोबर आहे का.

त्याला वाटलं मी तक्रार करतोय. मी म्हटलं नाही, मला कळत नाही, म्हणून विचारतो. तो चावायचा थांबला. त्याने भाताचा एक घास नीट खाल्ला. मग खरवडीचा तुकडा मोडून खाल्ला, डोळे बारीक करून, आई करायची तसे. त्याला बस गाठायची होती तरी त्याने घाई केली नाही. म्हणाला, भातात किंचित कमी आहे. खरवडीत बरोबर आहे.

मी सगळं ताट संपवलं, ताई.

बाबांना तेवढं कळवायचं होतं. तुला कळवतो.

तुझा लोभ हवा आहे.
शेंडेफळ