पातळीला साजेशी रॅकेट

कोथरूड, पुणे

ती. वन्सं यांना,

सुशीलाचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणताहेत? संत्र्यांची पेटी पोचली. वरच्या थरातली गोड होती, खालच्या थराबद्दल मी बोलत नाही. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर बोलले की पलीकडच्या खोलीतून तुमचे बंधू मला दुरुस्त करतात.

वन्सं, तुमचे उपकार कसे फेडू? श्रावणात यांच्या छातीत कळ आली, डॉक्टरांनी वाचवलं, पण घरी आले ते खिडकीतल्या खुर्चीत रुतूनच बसले. दिवसभर बिनहेल्मेटवाले मोजायचे. (कोथरूडमध्ये हे पूर्णवेळ काम आहे.) मी बोलले की 'हं', लेक तेजस बोलला की तेही नाही. माणूस घरात असून घर रिकामं. मग दिवाळीत तुम्ही फोनवर कडाडलात, "हिंमत, डॉक्टरांनी तुला खुर्ची राखायला वाचवलं नाही!" साठी उलटली तरी हे जगात तुम्हा एकट्यांनाच घाबरतात. दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, टेनिस खेळणार. सोसायटीचं कोर्ट आहेच; तिथे आजवर फक्त पापड वाळत. डॉक्टर म्हणाले, भिंतीवर खेळा, हळूहळू, मधेमधे बसत.

आम्ही रॅकेट घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, खेळाची पातळी काय? हे म्हणाले, "मध्यम. त्यातही वरच्या बाजूला." (कॉलेजात बॅडमिंटन खेळलेत, तेही पाऊस नसेल तेव्हा.) त्याने समजावलं की जड, लहान तोंडाची रॅकेट ज्यांच्या फटक्यात आधीच जोर असतो त्यांची, नवशिक्याला हलकी, मोठ्या तोंडाची बरी. यांना 'नवशिका' हा शब्दच लागला. शेवटी तो म्हणाला, "साहेब, रॅकेट तुमच्या पातळीला साजेशी देऊ, की तुमच्या मताला?" हे काळी, जड, तारा ताणलेली घेऊन निघाले. मग त्याने मला विचारलं, तर मी सांगितलं, मला ओ की ठो येत नाही. त्याचा चेहराच उजळला! पोळीच्या तव्याएवढ्या तोंडाची, पिसासारखी हलकी रॅकेट त्याने मला दिली.

पहिल्याच दिवशी यांचा चेंडू भिंत सोडून तळमजल्यावरच्या मुक्ताबाईंच्या पापडांत. माझा भिंतीवर आपटून शहाण्यासारखा परत. "नवशिक्याचं नशीब," हे म्हणाले. आठवड्याभरात यांचं कोपर सुजलं, कप उचलेना. काळी रॅकेट कपाटावर गेली, आणि वन्सं, हे पुन्हा खुर्चीत. मी देवापुढे बसून रडले हो.

कोपराची सूज उतरली त्यानंतरची गोष्ट. एके सकाळी जाग आली तर अंथरूण रिकामं, खुर्चीही रिकामी. नको ते मनात आलं. अनवाणी जिना उतरले. कोर्टावर ठक ठक ठक. हे घामाघूम, हातात माझी रॅकेट, आणि चेंडू दर वेळी परत येतोय! मला पाहून म्हणाले, "तुझ्या रॅकेटचा तोल तपासत होतो." मी बाकावर टेकले आणि हसत सुटले. हेही हसले. किती महिन्यांनी ते हसू ऐकलं. हे सगळं तुमच्या त्या एका ओरडण्यामुळे. देव तुमचा आवाज असाच खणखणीत ठेवो.

तुमची,
सुशीला

ता. क. : मूळ मुद्दा राहिलाच. तोल तपासणं अजून चालूच आहे. माझ्या वाट्याला रॅकेट जेमतेम येते, नवी घ्या म्हटलं की यांना ऐकू येत नाही. यांना पुन्हा एकदा ओरडाल का?

ता. क. दुसरा : ताई, मी हिंमत. पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. ओरडू नकोस. धड रॅकेट एकच असली की आळीपाळीने खेळावं लागतं. एक जण दमून बाकावर येतो, दुसरा शेजारी सरकतो, आणि आम्ही बोलत बसतो. सबंध नोकरीत एवढं बोललो नव्हतो. म्हणून दुसरी घेत नाही. तिला सांगू नकोस. शिवाय दोन झाल्या तर समोरासमोर खेळावं लागेल आणि ती जिंकेल. हे तर मुळीच सांगू नकोस.